जीपीएस मार्गनोंदीतील वेगाची गणना

जीपीएस मार्गनोंदीतील वेगाची गणना म्हणजे जीपीएस यंत्राने साठवलेल्या प्रवासाच्या नोंदीत वेगाचे आकडे नसतील, अर्धवट असतील किंवा बिघडलेले असतील, तर त्याच नोंदीतील स्थान आणि वेळ यांच्या आधारे ते नव्याने काढण्याची प्रक्रिया होय. गिर्यारोहक, सायकलस्वार, वाहतूक अभियंते, हौशी नकाशाकार, वन्यजीव अभ्यासक आणि अपघातांचा तपास करणारे तज्ज्ञ यांना तिची गरज पडते. मूळ सूत्र शालेय पुस्तकातील आहे : अंतर भागिले वेळ. मात्र हे सूत्र जसेच्या तसे लावल्यास उभी असलेली बस चालत असल्याचे आणि सायकलस्वाराने मोटारीला मागे टाकल्याचे दाखवणारे आकडे हाती येतात. त्यामुळे या विषयाचा बराचसा भाग सूत्राचा नसून त्रुटी ओळखण्याचा आहे.

मराठी पाठ्यपुस्तकांत दिशेविना असलेल्या राशीला 'चाल' आणि दिशेसह असलेल्या राशीला 'वेग' म्हणतात. मार्गनोंदीतून बहुधा चालच काढली जाते. प्रस्तुत लेखात रूढ वापरानुसार 'वेग' हा शब्द त्या अर्थाने योजला आहे.

मोजलेला वेग आणि काढलेला वेग

जीपीएस यंत्राच्या पडद्यावर दिसणारा वेग हा दोन स्थानांमधील अंतराला वेळेने भागून मिळालेला असतो, असा समज सर्वत्र आढळतो. बहुसंख्य यंत्रांच्या बाबतीत तो चुकीचा आहे. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरींची वारंवारता उपग्रह आणि यंत्र यांच्या सापेक्ष गतीमुळे किंचित बदललेली असते. हाच डॉप्लर परिणाम होय. जीपीएसच्या एल-१ या मुख्य लहरीची वारंवारता १५७५.४२ मेगाहर्ट्‌झ आणि तरंगलांबी सुमारे १९ सेंटिमीटर आहे. त्यामुळे उपग्रहाच्या दिशेने सेकंदाला १ मीटर इतकी गती असली, तर वारंवारतेत सुमारे ५.२५ हर्ट्‌झचा फरक पडतो. उपग्रह स्वतः सेकंदाला सुमारे ३.९ किलोमीटर वेगाने फिरत असतो, परंतु त्याची कक्षा ज्ञात असल्याने तो भाग वजा करता येतो. किमान चार उपग्रहांचे असे फरक एकत्र केले की यंत्राचा वेग आणि त्याच्या घड्याळाची चूक ही दोन्ही मिळतात.

या पद्धतीने मिळालेला वेग मोकळ्या आकाशाखाली सेकंदाला एक दशांश मीटरच्या आसपास अचूक असू शकतो. त्याच क्षणी त्याच यंत्राने दाखवलेले स्थान मात्र काही मीटरांनी चुकलेले असते. म्हणजे वेग आणि स्थान ही दोन वेगवेगळी मोजमापे आहेत. एकाची चूक दुसऱ्यात उतरतेच असे नाही. नोंद साठवताना वेग वगळला गेला, तर डॉप्लर मापनातील माहिती कायमची नष्ट होते. नंतर स्थानांवरून काढलेला वेग हा तिचा पर्याय असतो, पुनःप्राप्ती नव्हे. शिडाच्या फळीवरून वेगाच्या स्पर्धा करणारे खेळाडू म्हणूनच डॉप्लर वेग साठवणाऱ्या यंत्रांना पसंती देतात.

नोंदीतून वेग का नाहीसा होतो

याचे मुख्य कारण नोंदींच्या स्वरूपांत आहे. सागरी उपकरणांसाठी तयार झालेल्या एनएमईए ०१८३ या मानकातील 'आरएमसी' आणि 'व्हीटीजी' या वाक्यांत वेग असतो, तर 'जीजीए' या वाक्यात स्थान, उंची व वेळ असते, वेग नसतो. केवळ 'जीजीए' वाक्ये जतन केलेली नोंद त्यामुळे वेगविरहित ठरते. टोपोग्राफिक्स या संस्थेने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जीपीएक्स १.० या स्वरूपात प्रत्येक मार्गबिंदूला वेग आणि दिशा देण्याची सोय होती. २००४ मधील १.१ या आवृत्तीतून ही दोन्ही क्षेत्रे काढून टाकण्यात आली आणि अशा अधिकच्या माहितीसाठी 'विस्तार' ही मोकळी जागा ठेवण्यात आली. परिणामी आज सर्वाधिक वापरात असलेल्या जीपीएक्स आवृत्तीत वेगाला अधिकृत स्थान नाही. गार्मिन कंपनीच्या विस्ताराच्या पहिल्या आवृत्तीत हृदयगती आणि तापमान होते, वेग नव्हता. तो दुसऱ्या आवृत्तीत आला. विस्तार न ओळखणारी आज्ञावली तो भाग वाचतच नाही, आणि फाइल पुन्हा जतन केली की तो गळून पडतो.

ग्लायडर आणि पॅराग्लायडरच्या उड्डाणांसाठी वापरल्या जाणाऱ्या आयजीसी स्वरूपात प्रत्येक 'बी' ओळीत वेळ, स्थान आणि दोन प्रकारची उंची असते. वेग ऐच्छिक असतो. केएमएल स्वरूपातील मार्गात वेळ व स्थान असते. एका स्वरूपातून दुसऱ्यात रूपांतर, दोन नोंदी एकत्र जोडणे, नकाशावर हाताने बिंदू सरकवणे या प्रत्येक टप्प्यावर वेग गहाळ होऊ शकतो. बिंदू सरकवल्यानंतर जुना वेग तसाच राहिला, तर ती स्थिती अधिक फसवी असते, कारण आकडा उपस्थित असतो पण तो त्या जागेचा नसतो.

नकाशावर बोटाने आखलेल्या मार्गाला वेळच नसते, त्यामुळे त्यातून वेग काढणे अशक्य आहे. काही आज्ञावल्या अशा मार्गाला ठरावीक वेगाने काल्पनिक वेळा चिकटवतात. सर्व बिंदूंवर तंतोतंत सारखा वेग निघाल्यास ही शक्यता प्रथम तपासावी लागते.

अंतराची गणना

दोन लगतच्या बिंदूंमधील अंतर अक्षांश आणि रेखांश यांच्या फरकावरून काढले जाते. अक्षांशाचा एक अंश सर्वत्र सुमारे १११ किलोमीटरचा असतो. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जाताना अक्षांशाच्या कोज्येच्या प्रमाणात आखडत जातो. पुण्याच्या अक्षांशावर तो सुमारे १०५.४ किलोमीटर, तर ६० अंश अक्षांशावर निम्मा भरतो. कोज्येचा गुणक विसरल्यास पुण्यात पूर्व-पश्चिम प्रवासाचा वेग सुमारे ५ टक्क्यांनी आणि दिल्लीत १४ टक्क्यांच्या आसपास वाढीव निघतो. उत्तर-दक्षिण प्रवासात मात्र काहीच चुकत नाही. वेग दिशेनुसार बदलत असल्याचे दिसले, तर ही चूक झाल्याची ती खूण समजतात.

उदाहरणार्थ, एका वाहनाचा पहिला बिंदू १८.५२००० उत्तर, ७३.८५००० पूर्व आणि ५ सेकंदांनंतरचा बिंदू १८.५२०४० उत्तर, ७३.८५०३० पूर्व असा आहे. अक्षांशाचा फरक ०.०००४ अंश, म्हणजे ४४.५ मीटर. रेखांशाचा फरक ०.०००३ अंश, म्हणजे ३१.६ मीटर. पायथागोरसच्या प्रमेयाने अंतर ५४.६ मीटर येते. त्याला ५ ने भागल्यास सेकंदाला १०.९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३९ किलोमीटर हा वेग मिळतो.

इतक्या जवळच्या बिंदूंसाठी पृथ्वी सपाट मानली तरी चालते. दूरच्या बिंदूंसाठी हॅवरसाइन सूत्र वापरतात. जहाजांच्या मार्गगणनेतून आलेले हे नाव जेम्स इनमन यांनी १८३५ मध्ये रूढ केले. गोलीय त्रिकोणमितीतील कोज्यांचे साधे सूत्र गणिती दृष्ट्या तितकेच बरोबर आहे, परंतु लहान अंतरांत कोज्या १ च्या इतकी जवळ जाते की कमी अंकांत हिशेब करणाऱ्या यंत्रात हा फरक बुडून जातो. सात दशमान अंकांच्या अचूकतेत दोनेक किलोमीटरपेक्षा कमी अंतर अशा रीतीने शून्य ठरू शकते. पृथ्वी पूर्ण गोल मानल्याने येणारी चूक अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. ती टाळण्यासाठी व्हिन्सेंटी यांचे १९७५ मधील विवृत्ताभावरील सूत्र उपलब्ध आहे. तथापि मार्गनोंदीतील इतर चुका पाहता वेगाच्या गणनेत त्याचा फायदा क्वचितच दिसतो.

उंचीचा फरक धरावा की नाही, याबाबत मतभेद आहेत. १० टक्के चढावर तिरपे अंतर आडव्या अंतरापेक्षा केवळ अर्ध्या टक्क्याने, तर ३० टक्के चढावर सुमारे ४.४ टक्क्यांनी जास्त असते. घाटरस्त्यावरील वाहनासाठी उंची वगळणेच श्रेयस्कर, कारण उपग्रहाने दिलेली उंची आडव्या स्थानापेक्षा अधिक चुकते आणि ती चूक वेगात मिसळते. शिवाय एनएमईए वाक्यांतील वेगही जमिनीवरील आडवाच वेग असतो.

अंकांची काटछाट हीदेखील दुर्लक्षित बाब आहे. अंशाचे पाच दशांश स्थळांपर्यंतचे मूल्य सुमारे १.१ मीटरच्या, तर चार स्थळांपर्यंतचे ११ मीटरच्या पायऱ्यांनी बदलते. वरील उदाहरणात चारच स्थळे जतन झाली असती, तर केवळ काटछाटीमुळे अक्षांशाच्या फरकात ११ मीटरपर्यंत, म्हणजे ताशी ८ किलोमीटरपर्यंत चूक शिरली असती. आयजीसी स्वरूपात स्थान कलेच्या सहस्रांशापर्यंत नोंदले जाते; ती पायरी सुमारे १.८५ मीटरची असते. फाइलचा आकार कमी करण्यासाठी दशांश स्थळे छाटणाऱ्यांच्या हे सहसा ध्यानात येत नाही.

वेळेतील अडचणी

भागाकारातील छेद लहान असल्याने वेळेतील थोडी चूकही मोठी ठरते. अनेक नोंदींत वेळ पूर्ण सेकंदांत असते. एकाच सेकंदाची दोन वेगळी स्थाने आली, तर छेद शून्य होतो आणि वेग अनंत निघतो. अशा वेळी दोन बिंदूंपैकी एक वगळणे किंवा पुढील बिंदूपर्यंतचा कालखंड एकत्र घेणे हे दोन उपाय आहेत. शून्याऐवजी मनाने एखादी लहान संख्या ठेवणे हा उपाय नव्हे.

मध्यरात्र ओलांडणाऱ्या नोंदी विशेष लक्ष मागतात. 'जीजीए' वाक्यात आणि आयजीसीच्या 'बी' ओळीत दिनांक नसतो, केवळ घड्याळवेळ असते, आणि ती समन्वित जागतिक वेळ असते. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे असल्याने ही मध्यरात्र भारतात पहाटे ५.३० ला येते. एखादा गट पहाटे पाचला सिंहगड चढू लागला, तर त्याची नोंद चढणीच्या मध्यातच ओलांडबिंदू गाठते आणि तेथे दोन बिंदूंमधील वेळ उणे जवळपास २४ तास भरते. ऋण वेळ आढळताच ८६,४०० सेकंद मिळवणे हा यावरील सर्वमान्य उपाय आहे. युरोपात लिहिलेल्या आज्ञावल्यांत ही चूक बराच काळ उघडकीस येत नाही, कारण तेथे त्या वेळी बहुतेक जण झोपलेले असतात.

जीपीएसमधील आठवड्यांचा अंक १,०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो. असे २२ ऑगस्ट १९९९ आणि ७ एप्रिल २०१९ रोजी घडले. त्यानंतर काही जुनी यंत्रे सुमारे १९.६ वर्षे मागचे दिनांक नोंदवू लागली. दिनांक चुकले तरी सर्व बिंदू सारखेच सरकलेले असल्यामुळे वेग बरोबर निघतो, हे या बिघाडाचे वैशिष्ट्य.

वेग कोणत्या बिंदूला द्यावा

दोन बिंदूंवरून निघालेला वेग त्या दोहोंपैकी कोणाचाच नसतो. तो मधल्या कालखंडाची सरासरी असतो. अनेक आज्ञावल्या तो नंतरच्या बिंदूला जोडतात आणि पहिला बिंदू रिकामा ठेवतात. त्यामुळे वेगाचा आलेख अर्ध्या कालखंडाने उशिरा धावतो. बिंदू दर सेकंदाला असतील तर हे जाणवत नाही. वळणावर आणि वेग बदलताना अधिक बिंदू, तर सरळ रस्त्यावर कमी बिंदू साठवणाऱ्या यंत्रांत मात्र ब्रेक लावण्याची जागा नकाशावर पुढे सरकलेली दिसते. मागील व पुढील अशा दोन्ही अंतरांची बेरीज करून तिला एकूण वेळेने भागण्याची मध्यवर्ती पद्धत हा दोष बऱ्याच अंशी दूर करते.

सरासरी काढतानाही सावधगिरी आवश्यक असते. वाहन १० सेकंद ताशी ६० आणि त्यानंतर ३० सेकंद ताशी २० किलोमीटर वेगाने गेले, तर दोन आकड्यांची सरासरी ४० येते. प्रत्यक्ष सरासरी वेग ३० असतो. बिंदूंमधील कालखंड असमान असताना वेगांची थेट सरासरी घेणे ही नेहमी आढळणारी चूक आहे.

स्थानातील त्रुटींचा परिणाम

प्रत्येक स्थानात काही मीटरांची चूक असते. दोन स्थानांच्या चुका परस्परांपासून स्वतंत्र मानल्या, तर एका दिशेत ३ मीटर प्रमाण विचलन असलेल्या स्थानांतून १ सेकंदाच्या फरकाने काढलेल्या वेगात सेकंदाला ४.२ मीटर, म्हणजे ताशी १५ किलोमीटर इतके विचलन येईल. प्रत्यक्षात परिस्थिती इतकी वाईट नसते. वातावरण आणि उपग्रहांच्या कक्षा यांमुळे येणारी चूक हळूहळू बदलते, लगतच्या दोन बिंदूंत जवळपास सारखीच असते आणि वजाबाकीत निघून जाते. उंच इमारतींवरून परावर्तित होणाऱ्या लहरींमुळे येणारी चूक मात्र क्षणात बदलते. म्हणूनच मोकळ्या माळरानावरील नोंद आणि दाट वस्तीच्या गल्लीतील नोंद यांतून काढलेल्या वेगांची विश्वसनीयता सारखी नसते.

अंतर कधीही ऋण नसल्यामुळे या चुका परस्परांना छेदत नाहीत. थांब्यावर उभ्या बसचे स्थान दर सेकंदाला सरासरी अर्धा मीटर इकडेतिकडे हलले, तर तिचा वेग ताशी १.८ किलोमीटर दिसतो आणि एका तासात तिने १.८ किलोमीटर प्रवास केल्याची नोंद होते. पीटर रानाखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवले की, यादृच्छिक चुकांमुळे दोन बिंदूंमधील मोजलेले अंतर सरासरीने खऱ्या अंतरापेक्षा जास्त भरते आणि लगतच्या चुका जितक्या सारख्या तितका हा फुगवटा कमी असतो. याउलट बिंदू विरळ असतील तर वळणे जीवेने कापली जातात आणि अंतर घटते. दाट नोंद वेग फुगवते, विरळ नोंद तो दाबते. या दोहोंमध्ये कोणताही एक कालखंड सर्व प्रवासांसाठी योग्य ठरत नाही. पायी चालणाऱ्यासाठी ५ ते १० सेकंदांचा आणि वाहनासाठी १ ते २ सेकंदांचा कालखंड बहुधा समाधानकारक असतो.

एखादाच बिंदू दूर फेकला गेला, तर त्याची खूण ठळक असते : जाताना एक आणि परतताना एक असे दोन अवाजवी वेग लागोपाठ येतात आणि दिशा जवळपास उलटी होते. अशा वेळी वेगाचा आकडा पुसून भागत नाही. बिंदूच काढावा लागतो, अन्यथा अंतराच्या बेरजेत चूक शिल्लक राहते. त्वरणाची मर्यादा हीही उपयुक्त चाळणी आहे. एका सेकंदात शून्यावरून ताशी १०० किलोमीटर वेग गाठण्यासाठी गुरुत्वत्वरणाच्या २.८ पट त्वरण लागते, जे रस्त्यावरील सामान्य वाहनाला शक्य नाही.

आकडे सपाट करण्याच्या पद्धतींपैकी चल मध्यक ही एकट्यादुकट्या उसळ्या काढण्यास उत्तम आहे, तर चल सरासरी त्या उसळ्या शेजारच्या बिंदूंवर पसरवते. साविट्स्की व गोले यांची १९६४ मधील पद्धत लगतच्या काही बिंदूंतून वक्र बसवते आणि त्याच्या उतारावरून थेट वेग देते. काल्मन गाळणी मागील स्थिती व नवे मोजमाप यांचा त्यांच्या विश्वसनीयतेनुसार मेळ घालते. नोंद पूर्ण झालेली असल्याने पुढचे बिंदूही उपलब्ध असतात. त्यामुळे राउख, टुंग आणि स्ट्रीबेल यांची १९६५ मधील दुहेरी पद्धत, जी नोंद पुढून मागेही वाचते, येथे अधिक योग्य ठरते. सामान्य वापरासाठी जीपीएसबेबल या मुक्त आज्ञावलीत मार्गबिंदूंचा वेग काढण्याची वा पुन्हा काढण्याची सोय आहे. ती साध्या भागाकारावर चालते, सपाटीकरण वापरकर्त्याने स्वतः करावे लागते.

खंडित नोंदी

संदेश तुटलेला असताना मधला वेग काढता येत नाही, फक्त सरासरी काढता येते. कोकण रेल्वेवरील रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा सुमारे ६.५ किलोमीटर लांब आहे. गाडी आत शिरताना शेवटचा आणि बाहेर पडताना पहिला बिंदू यांत ३०० सेकंद गेले असतील, तर सरासरी वेग ताशी ७८ किलोमीटर होता एवढेच सांगता येते; गाडी आत थांबली होती की नाही, हे त्यातून कळत नाही. बाहेर आल्यावर यंत्राला स्थान पुन्हा मिळवण्यास काही सेकंद लागतात, त्यामुळे पहिला बिंदू बोगद्याच्या तोंडापासून बराच पुढे असू शकतो. नोंद जाणूनबुजून थांबवून पुढे दुसऱ्या जागी सुरू केली असेल, तर तो खंड गणनेतून पूर्ण वगळावा लागतो. जीपीएक्समध्ये अशा ठिकाणी नवा उपखंड सुरू करण्याची सोय याचसाठी आहे.

एककांची गल्लत

एनएमईए वाक्यांत वेग नॉटमध्ये, जीपीएक्स १.० मध्ये सेकंदाला मीटरमध्ये आणि बहुतेक ॲपच्या पडद्यावर ताशी किलोमीटरमध्ये असतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. अर्धवट वेग असलेल्या नोंदीत रिकाम्या जागा भरण्यापूर्वी उपलब्ध वेग आणि स्थानांवरून काढलेला वेग यांचे गुणोत्तर पाहणे उपयुक्त असते. ते १ च्या जवळ नसून १.८५ किंवा ३.६ च्या जवळ येत असेल, तर चूक एककाची असते.

पुरावा म्हणून वापर

नोंदीतील सर्वोच्च वेग हाच सर्वांत कमी विश्वसनीय आकडा असतो. हजारो बिंदूंमधून मोठ्यात मोठा आकडा निवडताना बहुधा मोठ्यात मोठी चूकच निवडली जाते. चालकाने वेगमर्यादा ओलांडली की नाही हे ठरवताना एका सेकंदाच्या फरकावरून काढलेला कमाल वेग पुढे केला, तर निर्दोष व्यक्तीवर ठपका येऊ शकतो. याउलट ठरावीक लांबीच्या टप्प्यावरील सरासरी भक्कम असते. १ किलोमीटर अंतर ३६ सेकंदांत कापल्यास वेग ताशी १०० किलोमीटर होतो. दोन्ही टोकांना ५ मीटरची चूक धरली तरी अंतरात सुमारे ७ मीटरचा, म्हणजे ०.७ टक्क्यांचाच फरक पडतो.

भारतात सार्वजनिक प्रवासी वाहनांतील स्थाननोंद यंत्रांसाठी एआयएस-१४० हे मानक लागू असून ते पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने प्रकाशित केले आहे. त्यानुसार यंत्राने पाठवायच्या माहितीत स्थानाबरोबर वेगाचाही समावेश असतो. अशा नोंदीतील रिकाम्या जागा नंतर भरल्या गेल्या असतील, तर मोजलेले आणि काढलेले वेग वेगवेगळ्या रकान्यांत ठेवणे, तसेच वापरलेला कालखंड व सपाटीकरणाची पद्धत नमूद करणे आवश्यक मानले जाते. जीपीएक्स १.० चे वेगाचे क्षेत्र मात्र असा कोणताही भेद करत नाही. एकदा भरलेला आकडा यंत्राने मोजला की आज्ञावलीने काढला, हे फाइलवरून ओळखता येत नाही.

वन्यजीव अभ्यासातील वापर

प्राण्यांच्या गळ्यातील पट्टे बॅटरी वाचवण्यासाठी तासातासाने किंवा त्याहून विरळ स्थान नोंदवतात. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ मध्ये निघालेला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचलेला टी१-सी१ हा वाघ याचे परिचित उदाहरण आहे. त्याच्या पट्ट्याने सुमारे नऊ महिन्यांत दर तासाने एक याप्रमाणे पाच हजारांहून अधिक स्थाने नोंदवली आणि त्याचा प्रवास सुमारे ३,००० किलोमीटर भरला. या आकड्यांवरून दोन नोंदींमधील सरासरी अंतर सुमारे ६०० मीटर, म्हणजे वेग ताशी ०.६ किलोमीटर निघतो. हा वाघाच्या चालण्याचा वेग नव्हे. त्यात विश्रांतीचे तास मिसळलेले आहेत, आणि तासाभरात वाघ नाल्याकाठाने फिरून जवळपास मूळ जागी आला असेल, तर ते सारे चालणे नोंदीत शून्याच्या आसपास दिसते. त्यामुळे अशा नोंदींतील अंतर आणि वेग हे दोन्ही किमान मर्यादा म्हणून दिले जातात. प्राण्याच्या हालचालीचा खरा वेग हवा असल्यास काही दिवसांपुरती मिनिटामिनिटाची नोंद घेऊन ती विरळ नोंदीशी ताडून पाहतात.